नादाची पेटी
(शताब्दी व्याख्यानमालेतील भाषणाचा मजकूर)



ग्रंथालयाच्या शताब्दी व्याख्यानमालेत संतवाङ्मय, नाटक, सीमाभागाचा इतिहास हे विषय यावेत हे स्वाभाविकच आहे. त्यांच्या पंक्तीला ‘घरी बनविलेली ध्वनिक्षेपकाची लहान पेटी’ हा विषय बसवला, तर क्षणभर कोणाच्याही भुवया उंचावतील. परंतु ग्रंथालय हे ज्ञानाचे घर असेल, तर सुताराच्या रंध्याखालचे आणि रेडिओ दुरुस्त करणाऱ्याच्या बोटांतले ज्ञान या घराच्या उंबऱ्याबाहेर का राहावे? बीदर आणि कलबुर्गी जिल्ह्यांत भजनाची परंपरा जुनी आहे, लाकूडकाम जुने आहे, आणि सुराचा कानही तयार आहे. या तिन्हींचा जेथे संगम होतो अशी ही पेटी आहे. मराठीत ‘पेटी’ म्हणजे संवादिनीही. येथे मात्र पेटी म्हणजे विजेच्या ध्वनीला शरीर देणारे लाकडी खोके, एवढाच अर्थ धरावा.

या भूमीचा नादाशी असलेला संबंध नऊशे वर्षांमागेही दाखवता येतो. बीदर जिल्ह्यातील बसवकल्याण ही कल्याणीच्या चालुक्यांची राजधानी. तेथील राजा सोमेश्वर तिसरा याने इ.स. ११२९ च्या सुमारास ‘मानसोल्लास’ हा संस्कृत ग्रंथ सिद्ध केला. त्यात गायन-वादनाचा विस्तृत विचार आहे, आणि महाराष्ट्रातील स्त्रिया कांडताना ओवी गातात, असा उल्लेखही आहे. ओवीचे इतके जुने नाव ज्या ग्रंथात सापडते, तो ग्रंथ या मातीतला आहे. कांडण म्हटले की उखळ आले आणि मुसळाचा जड ठोका आला. वर स्त्रीचा बारीक, उंच गळा आणि खाली तो घुमणारा ठोका, अशी ही दोन टोकांची रचना होती. ज्याला आजची मुले ‘बेस’ म्हणतात आणि ज्याला गवई ‘खर्ज’ म्हणतात, त्याची गरज माणसाच्या कानाला तेव्हापासूनची आहे.

पुढे हुमनाबादजवळच्या माणिकनगरात माणिकप्रभूंच्या (१८१७–१८६५) दरबारात मराठी, कन्नड आणि उर्दू पदे एकाच बैठकीत गायली गेली. दत्तजयंतीचा तेथील गाण्याचा उत्सव प्रसिद्धच आहे. अफजलपूर तालुक्यात भीमा-अमरजेच्या संगमावर गाणगापूर आहे. तेथे महाराष्ट्रातून येणाऱ्या दत्तभक्तांच्या भजनाला खंड नाही. या सर्व ठिकाणी खर्ज पुरवीत आले ते तंबोरा, डग्गा आणि पखवाज. तंबोऱ्याचा भोपळा, डग्ग्याचे भांडे आणि पखवाजाचे खोड या तिन्ही वस्तू मुळात पोकळ पेट्याच आहेत. आतली हवा बंदिस्त केल्याखेरीज खालचा स्वर भरत नाही, हे कारागिराला कोणत्याही समीकरणाशिवाय कळले होते. मिरजेच्या तंबोऱ्यांना लागणारे भोपळे भीमेच्या खोऱ्यात, पंढरपूरच्या परिसरात पिकतात. तीच भीमा पुढे कलबुर्गी जिल्ह्यातून वाहते. नादाच्या पेटीचे पहिले लाकूड असे नदीकाठच्या वेलीवर लागलेले आहे.

मग वीज आली आणि तिच्याबरोबर कर्णा आला. देवळाच्या शिखरावर, लग्नाच्या मांडवावर, जत्रेच्या खांबावर कर्णा चढला. कर्णा हे मोठे काटकसरी यंत्र आहे. एक वॅट वीज दिली असता एक मीटर अंतरावर तो सुमारे १०५ डेसिबल आवाज देतो. साधा पाच इंची स्पीकर तेवढ्याच विजेवर ८७ डेसिबलच्या आसपास राहतो. हा अठरा डेसिबलचा फरक म्हणजे शक्तीच्या हिशेबाने साठपटीहून अधिक होय. परंतु कर्ण्याला खालचा स्वर पेलत नाही. खालच्या स्वराची लहर लांब असते आणि ती लहर हवेत नीट सोडायची, तर कर्ण्याचे तोंड खोलीच्या दाराएवढे करावे लागेल. म्हणून खांबावरच्या कर्ण्यातून शब्द दोन शेतांपलीकडे जातो. डग्गा मात्र तारेतच राहतो. खेड्यापाड्यांतल्या दोन-तीन पिढ्यांनी भजन असे कमरेखाली कापलेले ऐकले.

येथे एक शंका निघेल. लहान रेडिओतही डग्गा नव्हता. तरी गाणे ओळखू येत होते आणि पुरुषाचा गळा पुरुषाचाच वाटत होता, ते कसे? याचे उत्तर कानाच्या ठायी आहे. ७० हर्ट्झचा स्वर वाजला की त्याबरोबर १४०, २१०, २८० असे त्याचे उपस्वरही वाजतात. मूळ स्वर गळून पडला आणि उपस्वर तेवढे पोहोचले, तरी मेंदू त्यांच्यातील अंतरावरून मूळ स्वर मनाशी जुळवून घेतो. रेडिओच्या काळातील श्रोत्याने खर्ज ऐकला तो असा, अर्धा यंत्रातून आणि अर्धा स्वतःच्या मेंदूतून. पण मेंदूने जुळवलेला खर्ज छातीला जाणवत नाही. तो जाणवावा ही इच्छा निर्माण झाली, आणि घरोघर पेट्या बनू लागल्या.

आता यंत्राकडे वळू. आजचा सर्वसामान्य स्पीकर, म्हणजे चुंबक, तारेचे वेटोळे आणि कागदी शंकू, याचे शास्त्रशुद्ध रूप अमेरिकेतील चेस्टर राइस व एडवर्ड केलॉग यांनी १९२५ साली मांडले. शंभर वर्षांत त्याचा गाभा बदललेला नाही. असा उघडा स्पीकर हातात धरून वाजवला, तर आवाज पत्र्यासारखा येतो. कारण शंकू पुढे सरकला की पुढची हवा दाबली जाते आणि त्याच क्षणी मागची हवा विरळ होते. पुढचा दाब कडेने वळून मागची पोकळी भरून टाकतो. उंच स्वरांत लहर आखूड असल्याने ही वळणाची संधी मिळत नाही. खालच्या स्वरात मात्र पुढचे आणि मागचे एकमेकांना खाऊन टाकतात. ७० हर्ट्झच्या लहरीची लांबी जवळजवळ पाच मीटर असते. तिच्यापुढे पाच इंचांच्या स्पीकरची कड ती काय? एका मोठ्या फळीला भोक पाडून तोच स्पीकर त्यात बसवावा, आणि ऐकणाऱ्याला खर्ज जागा झालेला कळतो. फळीच्या चारही कडा मागे दुमडून जोडल्या की पेटी झाली. पेटीचे पहिले काम एवढेच, मागच्या आवाजाला पुढे येऊ न देणे.

हे काम खेड्यातल्या पोरांनी मडक्याकडून करून घेतले. कुंभाराकडचा दहा-बारा लिटरचा माठ आणायचा, त्याच्या तोंडावर स्पीकर उपडा किंवा उताणा बसवायचा, कडेला मेण किंवा माती लिंपायची, की आवाज घुमू लागला. या प्रयोगाला हसू नये. मातीचे भांडे कडक असते, स्वतः थरथरत नाही.  रोमन वास्तुविद्येचा लेखक व्हिट्रुव्हियस यानेही नाट्यगृहात आसनांखाली काशाची पात्रे मांडण्याची सूचना केली होती. मात्र माठात एक उणीव राहते. तोंड पूर्ण बंद झाले नाही, तर माठ आपल्या एका ठराविक स्वरालाच घुमतो. रिकाम्या बाटलीच्या तोंडावर फुंकर घातली की एकच स्वर निघतो, तसाच हा प्रकार. मग कोणतेही गाणे लावा, खालचा स्वर एकच. ऐकणाऱ्याला प्रथम आनंद होतो, आणि पंधरा मिनिटांनी डोके जड होते.

बाटलीतल्या या एकाच स्वराचे गणित जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झ याने एकोणिसाव्या शतकात मांडले. नळीतली हवा म्हणजे वजन आणि पोटातली हवा म्हणजे स्प्रिंग. पोट मोठे केले किंवा नळी लांब केली की स्वर खाली जातो. नळी रुंद केली की वर चढतो. माठाचा हा दोष गुणात बदलण्याची युक्ती अल्बर्ट थुरास याला बेल प्रयोगशाळेत सुचली. तिचे पेटंट १९३२ सालचे. पेटीला मोजून मापून एक नळी बसवायची. ठराविक स्वरावर मागचा आवाज नळीतून जाताना आपली दिशा उलटवतो आणि पुढच्या आवाजाशी भांडण्याऐवजी त्याला हातभार लावतो. दुसरा मार्ग एडगर विलचूर याने १९५४ साली दाखवला. पेटी पूर्ण बंद करायची आणि आतल्या हवेलाच शंकूची स्प्रिंग बनवायचे. त्यामुळे कपाटाएवढ्या पेट्या पुस्तकांच्या फळीवर मावू लागल्या. कोणत्या स्पीकरला कोणती पेटी, याचा अंदाजपंचे मामला संपवला तो ऑस्ट्रेलियातील नेव्हिल थील याने १९६१ साली, आणि त्यानंतर दहाबारा वर्षांत रिचर्ड स्मॉल याने. स्पीकरची दोन-चार मापे घेतली की पेटीचे आकारमान कागदावर काढता येते, हे या दोघांचे देणे होय.

प्रत्यक्ष पेटी बनवायची तर प्रथम ठरवावे की तिच्याकडून काय हवे आहे. समजा, पंधरा-वीस जणांच्या भजनासाठी किंवा घरातल्या ऐकण्यासाठी, एका हाताने उचलता येईल अशी पेटी हवी. पुरुष गवयाचा षड्ज पुष्कळदा काळी एक असतो. त्याचा खर्जाचा षड्ज सुमारे ६९ हर्ट्झवर येतो. तंबोऱ्याची चौथी तार ऐकू यावी एवढे ध्येय ठेवले, तर पेटीचा स्वर ६० हर्ट्झला लावणे योग्य. त्याखाली जाण्याचा मोह टाळावा.

पाच इंची, ४ ओहमचा, खालच्या स्वरासाठी बनवलेला स्पीकर घ्यावा. त्याच्या कागदावर ‘क्यू’ हा आकडा दिलेला असतो. तो ०.३ ते ०.४५ च्या दरम्यान असेल तर नळीची पेटी साधते, ०.५ च्या वर असेल, म्हणजे चुंबक दुबळे असेल, तर नळी न घालता पेटी बंद ठेवावी. पेटीची आतली मापे रुंदी १६, खोली २० आणि उंची २५ सेंटिमीटर. हे ८ लिटर झाले. स्पीकरचे चुंबक, नळी आणि आतली पट्टी यांची जागा वजा जाता साडेसात लिटर उरतात. तिन्ही मापे मुद्दाम वेगळी ठेवली आहेत. ती सारखी असती, तर घनाकृती पेटीत एकच स्वर तिन्ही दिशांनी अडकून बोंब मारू लागतो.

लाकूड १२ मिलिमीटरचे चांगले प्लायवूड घ्यावे. दोन बाजू २५ × २० सेंटिमीटरच्या, वरची व खालची फळी १८.४ × २० ची, पुढची व मागची १८.४ × २७.४ ची. असे सहा तुकडे झाले. सांध्याला फेव्हिकॉल भरपूर लावून स्क्रू मारावेत. खिळे कालांतराने सैल होतात. आतून प्रत्येक सांध्यावर लाकडाचा भुसा व फेव्हिकॉल यांचा लगदा बोटाने भरावा. दोन बाजूंच्या मधोमध एक आडवी पट्टी द्यावी. पेटी पाठीवर बोटाने ठोकली असता ‘टक्’ असे वाजले पाहिजे. ‘डब्ब’ असे वाजले तर आणखी एक पट्टी हवी. सुताराला हे सांगावे लागत नाही. त्याची बोटे दाराची फळी अशीच पारखत असतात.

नळी नळजोडणीच्या पांढऱ्या प्लॅस्टिक पाइपची, आतून ४ सेंटिमीटर व्यासाची आणि ११ सेंटिमीटर लांबीची. हेल्महोल्ट्झच्या सूत्रात सुमारे १४ सेंटिमीटर येतात. परंतु नळीच्या दोन्ही तोंडांबाहेरची थोडी हवाही नळीबरोबरच हलते, म्हणून तीनेक सेंटिमीटर वजा करावे लागतात. नळीच्या मागे नऊ सेंटिमीटर मोकळी जागा राहते, तेवढी पुरे. आतल्या तीन भिंतींवर लोकर लावावी. बाजारात त्यासाठी कृत्रिम कापूस मिळतो, पण धनगरी घोंगडीचा जुना तुकडा हे काम उत्तम करतो. नळीचे तोंड मात्र झाकू नये.

विजेसाठी १२ व्होल्टची, ७ अँपिअर-तासांची बंदिस्त बॅटरी घेतली तर तिच्यात ८४ वॅट-तास मावतात. शिशाची बॅटरी अर्ध्याखाली उतरवू नये, म्हणून हाती ४२ धरावेत. गाण्याची सरासरी ओढ पाच वॅटच्या आसपास असते. म्हणजे आठ तासांचे भजन झाले. बॅटरी पेटीच्या आत कोंबू नये, मागे वेगळा कप्पा करावा. या बॅटरीचे वजन दोन-अडीच किलो भरते; लिथियम-लोह-फॉस्फेटची घेतल्यास ते किलोच्या आत येते. १२ व्होल्टवर ४ ओहमच्या स्पीकरला पंधरा वॅट सहज देणारे लहान ॲम्प्लिफायर आज हाताच्या पंजाएवढे मिळतात.

पेटी झाली की परीक्षा घ्यावी. नळीचे तोंड तळहाताने दाबून शंकू अलगद आत ढकलावा. तो सावकाश परत आला तर सांधे बंद आहेत. झटकन आला तर कोठेतरी हवा गळते. मग मोबाइलवरून एकेक स्वर ३० ते १०० हर्ट्झपर्यंत हळूहळू चढवत न्यावा आणि नळीपुढे उदबत्ती धरावी. ज्या स्वरावर धूर सर्वांत जोरात हेलावतो आणि शंकू मात्र जवळजवळ स्तब्ध राहतो, तो पेटीचा खरा स्वर. तो वर आला असेल तर पुढचा पाइप थोडा लांब घ्यावा, खाली असेल तर कापावा. त्या स्वराच्या खाली मात्र शंकूला आतल्या हवेचा आधार राहत नाही. तो वेड्यासारखा हलतो आणि फाटतो. म्हणून ५० हर्ट्झखालचे स्वर गाळणारी सोय ॲम्प्लिफायरमध्ये हवीच.

आता मर्यादा. लहान पेटी, खोल खर्ज आणि मोठा आवाज या तीन गोष्टी एकत्र मिळत नाहीत. दोन घ्याव्यात, तिसरी सोडावी. अमेरिकेतील हॉफमन याच्या नावाने हा नियम ओळखला जातो, आणि त्याला अपवाद नाही. स्वर एक सप्तक खाली नेला, की तेवढाच आवाज काढण्यासाठी शंकूला चौपट हवा ढकलावी लागते. पखवाजाच्या धुमेवर कणीक लावतात तेव्हा हेच घडते. पुडीचे वजन वाढते आणि स्वर खाली येतो. स्पीकरच्या शंकूलाही कारखान्यात असेच वजन दिले जाते. त्याचा खर्ज खाली येतो आणि तेवढ्याच विजेवर आवाज मात्र कमी होतो. बाजारातल्या लहान ब्लूटूथ स्पीकरचा दणका ऐकून कोणाला चमत्कार वाटतो. तोही हाच नियम पाळतो. तेथे नळीऐवजी चुंबक नसलेला एक जड पडदा बसवलेला असतो, आणि आवाज मोठा करताच आतले यंत्र खर्ज गुपचूप कमी करते.

या नियमावर विजय मिळवण्याचा एक मार्ग माणसांनी शोधला आहे. पेट्या वाढवायच्या, भिंतीच्या भिंती उभ्या करायच्या आणि हजारो वॅट ओतायचे. मिरवणुकीतल्या अशा भिंती पाहिल्या नाहीत असे गाव आता उरलेले नाही. खिडक्यांची तावदाने थरथरतात, तान्ही मुले दचकतात, आजारी माणसे उशीखाली डोके घालतात. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० साली झाले. वस्तीत दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा त्यांत घातलेली आहे, आणि रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर ध्वनिवर्धकास बंदी आहे. सर्वोच्च न्यायालयाने २००५ साली याच बंदीला बळ दिले. परंतु नियमांनी आवाज दबतो, कान घडत नाही. ज्याने खर्ज म्हणजे केवळ धक्का असे मानले, त्याला नियम हा जुलूमच वाटणार. ज्याने स्वतःच्या हाताने आठ लिटरची पेटी बनवली, नळी एक सेंटिमीटर कापून स्वर सरकताना ऐकला, तंबोऱ्याची चौथी तार प्रथमच स्पष्ट ऐकली, त्याला खर्ज आणि गोंगाट यांतला भेद वेगळा शिकवावा लागत नाही.

हीच पेटी मोकळ्या शेतात ठेवली तर तिचा खर्ज पातळ वाटेल. भिंतीला लागून ठेवली तर भरेल, कोपऱ्यात ठेवली तर आणखी भरेल, कारण भिंती आवाजाला पसरू न देता पुढे लोटतात. म्हणजे देवळाच्या ओवरीचा कोपरा हा फुकटचा ॲम्प्लिफायर आहे. दहा वॅटमध्ये ही पेटी एक मीटरवर ९७ डेसिबल देते. उघड्यावर चार मीटरवर तो आवाज ८५ पर्यंत उतरतो. भजनाला बसलेल्यांना तेवढा भरपूर होतो, आणि वेशीपाशी झोपलेल्या म्हाताऱ्याला तो उठवीत नाही. पेटीची मर्यादा आणि शेजाराची मर्यादा येथे जुळतात.

शेवटी या ग्रंथालयाशी निगडित अशी एक गोष्ट. १ नोव्हेंबर १९५६ रोजी हा प्रदेश हैदराबाद राज्यातून म्हैसूर राज्यात आला. त्यानंतर वाढलेल्या पिढ्यांनी शाळेत कन्नड वाचले, विज्ञान इंग्रजीत घेतले, बाजारात दखनी उर्दू बोलली आणि मराठी घरात व भजनात राखली. ज्या भाषेत फक्त भजन उरते, ती भाषा पूज्य होते, पण कामाची राहत नाही. सांधा, पट्टी, लगदा, पुडी, धुम, कणीक, खर्ज, ठोका हे शब्द कोशातून आलेले नाहीत. ते कामातून आले आणि काम थांबले की जातील. हेल्महोल्ट्झचे सूत्र मराठीत सांगता येते, आणि तेही बाटली, माठ व भोपळा यांच्या आधाराने सोपे करून सांगता येते.

शताब्दीच्या वर्षात ग्रंथालयाने एक वही घालावी, अशी सूचना सभासदांपुढे ठेवावीशी वाटते. सुतार, कुंभार, तबल्याची पुडी बांधणारे, रेडिओ दुरुस्त करणारे यांना आळीपाळीने वाचनकक्षात बोलवावे, आणि त्यांच्या कामातली मापे व शब्द त्यांच्याच तोंडून लिहून घ्यावेत. मराठी, कन्नड आणि उर्दू नावे शेजारी शेजारी लिहावीत. कारागिराच्या घरी ती तशीच नांदतात. वहीबरोबर वर सांगितलेली एक पेटी बनवून वाचनकक्षाच्या कोपऱ्यात ठेवावी. शनिवारी सायंकाळी तासभर एखादी जुनी ध्वनिमुद्रिका तिच्यावर लावावी, आणि पाठीमागची फळी स्क्रूने उघडता येईल अशी ठेवावी. शाळकरी मुलांनी ती उघडून आत पाहावे. पेटीच्या आत एक नळी आहे, घोंगडीचा तुकडा आहे आणि बाकी नुसती हवा आहे, हे त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले, की पुढचे प्रश्न ती आपोआप विचारतील आणि त्यांची उत्तरे शोधायला शेजारच्याच कपाटाकडे वळतील.